जिन्याला होडीचा काठ

आमच्या आतेसासूबाई जिना उतरू लागल्या की मी हातातलं काम टाकून बघायला यायची. लग्न होऊन पनवेलला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. नव्या सुनेने कुणाकडे टक लावून बघत उभं राहू नये एवढं शिकवून माझ्या आईने मला पाठवलं होतं. पण माझा नाइलाज होता. आत्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, आणि तरी ही बाई वरच्या मजल्यावरून खाली यायची ती दरबारात प्रवेश केल्यासारखी. मान ताठ, पदर खोचलेला, डावा हात कठड्यावर अगदी हलका टेकलेला. कुठे चाचपडणं नाही, थांबणं नाही, आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

"सूनबाई, दूध वर आलंय. माझ्याकडे काय बघतेस, पातेल्याकडे बघ!"

मी धावत स्वयंपाकघरात जायची आणि दूध खरंच काठापर्यंत आलेलं असायचं. दूध कळलं ते नाकाने, हे मी मानून घेतलं. मी बघत होते हे कसं कळलं, ते आजतागायत मला उमगलेलं नाही.

घर जुनं, दुमजली, तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत. माजघराच्या कोपऱ्यातून सागवानी जिना वर जायचा आणि अर्ध्यावर अंधारात वळायचा. वळणावर पायऱ्या तिकोनी होत्या. माझा तर उजेडातसुद्धा तिथे पाय अडखळायचा. वरची खोली आत्यांची. लग्न केलं नाही, पण त्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवून त्यांनी अर्ध्या पनवेलच्या मुलींना काज-बटण शिकवलं होतं. डोळे गेले, वर्ग बंद झाला, तरी त्या मुली, म्हणजे आता दोन-दोन लेकरांच्या आया, नवं ब्लाउज अंगात घालून वर यायच्या. आत्या खांद्यावरून बोट फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या: "बाही उलटी लावलीय तुझ्या शिंप्याने. आणि तू वजन वाढवलंयस." दोन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या. खालपर्यंत हसू ऐकू यायचं. ती खोली म्हणजे त्यांचं राज्य होतं आणि जिना हा त्या राज्याचा एकमेव रस्ता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका सकाळी माझे सासरे जिन्यात शिंकले. साधी शिंक, पण सासऱ्यांची. तोल सावरायला त्यांनी कठड्याला हात घातला आणि हातभर कठडा उपटून त्यांच्या हातात आला. आतून पिठासारखा भुगा गळायला लागला. वाळवीने वरचा रंग तेवढा शिल्लक ठेवून आतलं सगळं फस्त केलं होतं. कातीव दांडे ओळीने उभे होते खरे, पण ते केवळ सवयीने उभे असावेत.

सासरे निवृत्त ओव्हरसियर. उभा जन्म रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात गेलेला. त्यांनी तो भुगा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण मिनिटभरापूर्वीच त्यांची थोरली बहीण त्याच कठड्याला हात लावून खाली आली होती. त्याच दुपारी त्यांनी फर्मान काढलं. आत्यांचा पलंग खाली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. जिना बंद.

"त्या खोलीत तांदळाची पोती आणि लोणच्याच्या बरण्या आहेत," आत्या म्हणाल्या. "मला त्यांच्यात मुरवत ठेवतोयस का रे?"

"ताई, कठडा नवा करू. पण झाल्यावर तू एकटीने उतरून दाखवायचंस, माझ्यासमोर. जमलं तर वर जा. नाही जमलं तर कायमची खाली राहशील. यावर वाद नको."

आत्यांनी वाद घातला नाही. घरात सगळ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

खालच्या खोलीत त्या चार दिवसांत वाळल्यासारख्या झाल्या. बोलणं तुटक झालं. ब्लाउजवाल्या बाया यायच्या आणि बरण्यांच्या मधे अवघडून उभ्या राहायच्या. आत्या बोट फिरवून म्हणायच्या, "बरंय." नुसतं बरंय! बायांना चुकल्याचुकल्यासारखं होऊन त्या निघून जायच्या.

सासऱ्यांना लोखंडी कठडा हवा होता, नव्या बिल्डिंगांत असतो तसला चौकोनी सळ्यांचा. वेल्डरकडून त्यांनी नमुना आणला. आत्यांनी तो हातात घेऊन दाबून बघितला आणि परत दिला.

"मला आधार हवाय. हा तर हवालदाराने मनगट धरल्यासारखा वाटतोय."

मग सुतार शोधायची मोहीम निघाली. पण तेव्हा पनवेलच्या आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या आणि गावातले यच्चयावत सुतार सेंटरिंगच्या कामावर गेले होते. फळ्या ठोका, स्लॅब पडला की काढा, पुढे चला. जिन्याचा कठडा म्हटलं की ते असे बघायचे, जणू आम्ही त्यांना पाळणा विणायला सांगतोय.

या सगळ्या रडकथा आमच्या ओट्यावर बसून ऐकत होती ती आमची मासळीवाली. उरणजवळच्या करंज्याहून पाटी घेऊन यायची. आत्यांचं आणि तिचं वर्षानुवर्षांचं भांडण होतं. आत्या पापलेटाचे कल्ले उघडून बोट घालायच्या आणि म्हणायच्या, "हे कालचं." ती म्हणायची, "बाय, कालचं नाय, परवाचं हाय, खास तुमच्यासाठी ठेवलंय!" आणि दोघी खुश व्हायच्या.

ती म्हणाली, "माजा दीर हाय. होड्या बांदतो."

"आम्हाला जिना करायचाय, बाई. समुद्रात नाही जायचं," सासरे म्हणाले.

"शेट, जो दर्यात बुडू देत नाय, तो जिन्यात पडू देल काय?"

ओव्हरसियरसाहेबांनी त्याला बोलवायला सांगितलं. त्या आठवड्यात दीर हजर झाला.

रापलेला, रुंद माणूस. आवाज असा की बोलला की भांडी थरथरायची. विनय नावाची गोष्ट त्याच्या वाटणीला आलीच नव्हती. आल्या आल्या त्याने जिन्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "ह्यो कोणी केलेला? सुताराने? म्हणून मेला." मग त्याने कमरेला खोचलेली दोरी काढली, जिन्याच्या कडेने खालून वरपर्यंत सैल सोडली, ती कशी लोंबते ते डोळे बारीक करून बघितलं आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. झालं माप. सासरे मोजपट्टी उघडून उभेच राहिले.

त्यानंतरचे आठ दिवस तो लाकूड शोधत हिंडला. तेही वाकडं. कोन गावाकडच्या शेतांच्या बांधांवरून बाभळीच्या मुळातच बाकदार फांद्या निवडून आणल्या, टेम्पो भरून. सासऱ्यांनी तो ढीग बघून कपाळावर हात मारला. "मिस्त्री, हे सरपण आहे!"

"सरळ लाकूड वाकवला तर ते कवातरी सरळ व्हायला बगतं. जनमाचं वाकडं असतं ते वाकडंच राहतं. तुमी नोकरीत बगितलीच असतील."

मी पदरात तोंड लपवून आत पळाले.

पण हसणं विसरायला लावणारा दिवस पुढेच होता. कठड्याचा वरचा दांडा सागाचा करायचा होता, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, वळणासकट, मधे कुठेही न तोडता. त्यासाठी त्याने दोन लांबलचक पातळ फळ्या आणल्या होत्या. त्या वाकवून पाठीला पाठ लावून तांब्याच्या खिळ्यांनी एकजीव करायच्या, म्हणजे एकीला सरळ व्हायचं झालं तरी दुसरी होऊ देणार नाही, असा बेत होता. मला वाटलं, गंमत करतोय. साग कुठे वाकतो?

परसात त्याने नारळाच्या सोडणांचा लांबट जाळ केला. फळीला ओली गोणपाटं गुंडाळली आणि ती जाळावर धरली. पाणी मारायचं, वाफ उठायची, फळी फिरवायची, परत पाणी. त्याची वहिनी, म्हणजे आमची मासळीवाली, पाटी बाजूला ठेवून कळशीने पाणी घालत होती आणि शिव्याही घालत होती. बातमी गल्लीत गेली. शेजारचे किराणावाले आले, समोरचे मास्तर आले, मागच्या मोहल्ल्यातले बेकरीवाले चाचा पीठ भरलेल्या हातांनीच आले. फळीचं एक टोक विहिरीच्या खांबाला बांधलं, दुसऱ्याला दोर लावला आणि मिस्त्रीने सगळ्यांना दोरावर उभं केलं.

"जोर नाय लावायचा! नुस्तं मागायचं तिच्याकडे. सावकाश. ती देल."

सगळ्यांनी सावकाश ओढलं. आणि ती फळी वाकायला लागली.

मी काय सांगू तुम्हाला! आवाज नाही, चरचर नाही. मघापर्यंत दगडासारखं असलेलं ते लाकूड झोपेत कूस बदलावी तसं वळत गेलं. वाफेच्या ढगातून त्याची पाठ दिसायची, आणखी वळलेली दिसायची, आणि परत झाकली जायची. बेकरीवाले चाचा पुटपुटले, "सुभानअल्लाह." सासरे, ज्यांनी उभ्या जन्मात एकाही ठेकेदाराचं कौतुक केलेलं नव्हतं, ते दोर धरून तोंड उघडं टाकून बघत होते. मीही त्यांच्या मागे तशीच उभी होते, त्यामुळे माझ्या आईची शिकवण त्या दिवशी आम्हा दोघांनाही लागू झाली नाही.

आत्या ओट्याच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "वाकली?"

"वाकली हो आत्या."

"वास बदलला तिचा," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

बाभळीच्या बाकदार तुकड्यांचे त्याने कठड्याचे उभे दांडे केले. होडीच्या पोटात फासळ्या असतात तसे, किंचित बाहेर झुकलेले. सासऱ्यांनी ओळंबा लावला आणि ओरडले, "मिस्त्री, एकही सरळ नाही!"

"होडीत सरळ काय असतं, शेट? सरळ असते ती फकस्त बुडणारी!"

शेवटी त्याने सगळ्याला मुशीचं तेल पाजलं. मुशी म्हणजे लहान शार्क मासा, त्याच्या काळजाचं तेल. होडीला लावतात, म्हणे लाकूड शंभर वर्षं टिकतं. टिकत असेल. आमच्या घरी मात्र गल्लीतली समस्त मांजरं मुक्कामाला आली. पायरीपायरीवर एकेक मांजर, डोळे मिटून, तपश्चर्येला बसल्यासारखं. माझे यजमान ऑफिसला जाताना कपड्यांवर पावडर शिंपडून जायचे. नाक धरून का होईना, पण लोक जिना बघायला यायचे. आणि आले की नाकावरचा हात आपोआप खाली यायचा. माजघरातून बघितलं तर एक अख्खी होडी भिंतीला टेकून वर निघालीय असं वाटायचं. वरचा सागाचा दांडा म्हणजे त्या होडीचा काठ, आणि तो वळणावर असा काही वळायचा की नजर त्याच्यामागून घसरत वर जायची आणि छताला जाऊन मग भानावर यायची. मी दिवसातून दहा वेळा काही काम नसताना वर जायची, नुसता हात फिरवायला. हात पाण्यावरून जातोय असं वाटायचं. कुठे सांधा नाही, उंचवटा नाही, खिळ्याचं डोकं नाही. शेवटचे काही दिवस त्याने तो काठ फक्त घासला होता, आधी काचेने, मग कसल्याशा खरखरीत पानाने, मग नुसत्या तळहाताने.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्री धुतलेला सदरा घालून आला. वहिनीही आली. सासरे जिन्याच्या पायथ्याशी उभे. आत्यांना मी वर नेऊन सोडलं आणि खाली येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

आत्या निघाल्या. मान ताठ, पदर खोचलेला. वरच्या पायऱ्या पूर्वीसारख्याच उतरल्या. मग वळण आलं.

त्या थांबल्या. डावा हात काठावर पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. एक पाय उचलला आणि हवेतच राहिला. परत मागे घेतला. दुसऱ्या हाताने भिंत शोधायला लागल्या. आत्या, आणि भिंत शोधतायत!

"मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

हा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. मी धावत वर गेले. त्या तिकोनी पायरीवर बसल्या होत्या. सासरे खालूनच, अगदी मऊपणाने म्हणाले, "ताई, राहू दे. खालीच बरं आहे." ते जिंकले होते, पण मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचेच डोळे भरले होते.

मिस्त्री काळाठिक्कर पडला. "काय झाला, बाय? हलतो काय? टोचला कुटं?"

"टोचत नाही, हलत नाही. लोण्यासारखा झालाय," आत्या म्हणाल्या. "पण मुका आहे रे बाबा. जुना माझ्याशी बोलायचा. वरून येताना एक सांधा लागायचा, तो लागला की वळण जवळ आलं. मग खांबाचा गोल गड्डा. मग एक खिळा, डोकं वर आलेला, त्याच्यापुढे सरळ पायऱ्या. खाली एक भेग होती, ती लागली की जमीन. या तुझ्या काठावर माझा हात कुठेही असला तरी त्याला सारखंच वाटतं."

मिस्त्री मटकन खालच्या पायरीवर बसला. एका मांजराने उठून त्याला जागा दिली.

"होडीच्या काठाला काय बी ठेवायचा नसतं, बाय," तो म्हणाला, आणि त्याचा तो भांडी हलवणारा आवाज आता पुटपुटण्याएवढा झाला होता. "जाळं ओढताना अडकतं. अडकला का फाटतं. जाळं फाटला म्हंजे घर बसला. माज्या बापाने हेच शिकवलं मना, हाताला काय बी लागता नये."

उभं आयुष्य ज्या गोष्टीसाठी घासलं होतं, तीच नेमकी इथे नको होती. त्याच्याकडे बघवेना.

सासऱ्यांचं ओव्हरसियरचं डोकं चालायला लागलं. "त्यात काय, चार खिळे ठोकू जागोजागी."

"खिळा?" मिस्त्री ताडकन उठला, आणि आवाज परत जागेवर आला. "ह्या काठात वर आलेला खिळा? मंग आदी माज्या डोस्क्यात ठोका!"

तेव्हा त्याची वहिनी कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "अरं शाण्या, वल्ह्याला हात सरकू नये म्हणून दोरी गुंडाळतो ना तू? ते वल्हं काय मरतं? गुंडाळ की हितं!"

मिस्त्रीने तोंड वाकडं केलं. काठावर गाठ, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. पण जिन्याच्या वळणावरून हुकूम आला.

"दोरी आण. जाळ्याची, बारीक. आणि तू नको गुंडाळूस, मला शिकव."

मग आम्ही जे बघितलं ते लाकूड वाकण्यापेक्षाही थोर होतं. आत्या पायरीवर मांडी घालून बसल्या. मिस्त्री एक पायरी खाली. त्याने दोरीचे वेढे घट्ट कसे द्यायचे आणि शेवटचं टोक वेढ्यांच्या पोटातून ओढून कसं लपवायचं ते त्यांच्या बोटांना धरून दाखवलं, एकदाच. आत्यांनी हात सोडवून घेतला. "कळलं. सरक." आणि त्यांची बोटं चालायला लागली. वळणाच्या अलीकडे एक पट्टा. ऐन वळणावर रुंद पट्टा, आणि त्याच्या कडेने त्यांनी चक्क काजाचा टाका घातला. बटणाच्या काजाला घालतात तोच, कठड्याला! वळण संपलं तिथे बारीक वेढे, मधे बोटभर जागा सोडून. तळाशी दोरीला पीळ देऊन एक वेणी. घालून झालं की तळहात फिरवायचा, मान हलवायची, कधी सगळं उसवून परत घालायचं. दुपार उतरली तरी कुणी जेवायला उठलं नाही. मिस्त्री गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होता आणि मधूनच स्वतःशीच म्हणत होता, "आईशपथ." त्याची वहिनी तर पाटीतली मासळी विकायची विसरली.

शेवटची वेणी झाल्यावर आत्यांनी मिस्त्रीला विचारलं, "बघ. जाळं फाटेल का?"

त्याने बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिला. "फाटल, बाय," तो खरेपणाने म्हणाला. "पण तुमी नाय पडणार."

आत्या वर गेल्या, एकट्याच. मग पाऊल वाजलं.

मान ताठ, पदर खोचलेला. हात काठावर हलका टेकलेला. दोरीचा पहिला पट्टा लागला तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, एवढंच मला दिसलं. वळण आलं तसं त्यांचं सगळं अंग त्या काठाबरोबर वळलं, परसात ती फळी वळली होती तसंच, कुणी मागितलं म्हणून दिल्यासारखं. सासऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, झेलायला, आणि ते तसेच हवेत राहिले.

त्या खाली आल्या. आमच्यापाशी थांबल्या नाहीत. आमच्या मधून सरळ स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेल्या, उशी उचलून बगलेत मारली आणि आल्या पावली जिना चढून वर गेल्या.

सासऱ्यांनी पुढे केलेले हात खाली घेतले. मग त्या खोलीत गेले आणि गादीची गुंडाळी डोक्यावर घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "बाबा, थांबा, हे आले की वर नेतील." तर मला हातानेच गप्प केलं. दोन्ही हात गादीला, डोळ्यांवर गादीची झालर, अशा थाटात निवृत्त ओव्हरसियर जिना चढायला लागले. वळणावर तिकोनी पायरी आली, पाऊल अडखळलं, गादी डुगडुगली.

वरून आवाज आला, "कठडा धर रे, शहाण्या! दिसत नाही का तुला?"